आधी इंजिन, मग ब्रेक

विलीस जीपचा ब्रेक ड्रम 9 इंच व्यासाचा होता. ड्रमच्या आत दोन शू, शूवर रिव्हेट मारून बसवलेलं लायनर आणि चारही चाकांना ब्रेक ऑइल पुरवणारा एकच मास्टर सिलिंडर. 1941 मध्ये अमेरिकी लष्करासाठी ही गाडी बनायला लागली तेव्हा तिचं वजन टनाच्या आसपास होतं आणि इंजिन 60 अश्वशक्तीचं. काम होतं चिखलातून, शेतातून, उखडलेल्या रस्त्यावरून मूठभर सैनिक आणि थोडं सामान पुढे नेण्याचं. त्या कामाला 9 इंच पुरत होते.

पुढे भारतात याच गाडीवर बरंच काही लादलं गेलं. डिझेल इंजिन आलं, चौथा आणि पाचवा गिअर आला, मागे समोरासमोर बाकं टाकून त्यावर पंधरा-पंधरा माणसं बसली, रस्ते डांबरी झाले, वेग वाढला. ड्रमचं माप थोडंफार वाढलं, पण आतली रचना वर्षानुवर्षं तीच राहिली. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात जुन्या जीपवर गॅरेजवाल्यांनी जी सुधारणा केली, तिचा इतिहास म्हणजे मागे पडलेल्या ब्रेकनं पुढे गेलेल्या इंजिनाला गाठण्याचा इतिहास आहे. कामगारांच्या या नगरीत तो घडला याला कारणं आहेत, आणि ती या भूमीच्या कारखानदारीत सापडतात.

इंजिन पुढे आणि ब्रेक मागे हा प्रकार अमेरिकेतही झाला. तिथे 1964 मध्ये पाँटिअॅक कंपनीनं जीटीओ ही गाडी आणली. मध्यम आकाराच्या गाडीत 389 घनइंचाचं, 325 अश्वशक्तीचं इंजिन बसवलं आणि ‘मसल कार’ नावाची एक पिढीच सुरू झाली. त्या जीटीओच्या चारही चाकांना साडेनऊ इंचाचे ड्रम होते. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक हवे असतील तर ते जादा पैसे मोजून मिळण्यासाठी 1967 उजाडावं लागलं. ब्रेकच्या दोन स्वतंत्र वाहिन्या, म्हणजे एक फुटली तरी दुसरी दोन चाकं धरणारी व्यवस्था, अमेरिकेत मोटारींना सक्तीची झाली ती 1968 च्या जानेवारीपासून. आज तिथले शौकीन जुन्या मसल कारला त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलचे डिस्क बसवतात, मागचा एक्सल बदलतात, गिअर बॉक्समध्ये एक गिअर वाढवतात. भारतात त्या काळी परदेशी मोटारींच्या आयातीवर इतकी बंधनं होती की जीटीओ किंवा मस्टँग आपल्या रस्त्यावर दिसणं हीच नवलाई. सर्वसामान्य मराठी माणसाच्या गावापर्यंत पोचलेली अमेरिकी गाडी एकच, ती म्हणजे जीप. मामलेदाराची, फौजदाराची, बांधकाम खात्याची, निवडणुकीत भोंगा लावून फिरणारी जीप.

ती पोचली मुंबईमार्गे. महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 1945 मध्ये कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. 1947 मध्ये विलीस जीपचे 75 संच सुट्या भागांच्या रूपात भारतात आले. जोडणी सुरू झाली ती मुंबईत, माझगावला. पुढे एकेक भाग इथेच बनू लागला आणि अमेरिकेत 1953 मध्ये आलेली उंच बॉनेटची सीजे-3बी ही भारताची जीप झाली. अमेरिकेत तिचं उत्पादन 1968 मध्ये थांबलं. इथे तिचा चेहरा त्यानंतरही कित्येक दशकं नव्या कोऱ्या गाड्यांवर दिसत राहिला. जुन्या गाडीला नव्या गाडीचा भाग बसतो, तो या सातत्यामुळे.

पुणे परिसराच्या हाताला अमेरिकी गाड्यांची सवय मात्र फक्त जीपमुळे लागली नाही. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली. ती बेडफर्ड होती, म्हणजे इंग्लंडची. पण सुरुवातीच्या एसटीच्या ताफ्यात शेव्हरोले, स्टुडबेकर अशा अमेरिकी बनावटीच्याही गाड्या होत्या. इतक्या निरनिराळ्या देशांच्या, निरनिराळ्या मापांच्या गाड्या सांभाळायच्या तर कारखाना हवा. पुण्याहून पिंपरीकडे जाताना लागणाऱ्या दापोडीत एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा उभी राहिली. इंची आटे आणि मिलिमीटरचे आटे एकाच छपराखाली वापरायची सवय, परदेशी सुटा भाग मिळेना म्हणून लेथवर नवा काढायची सवय, ही अशा कार्यशाळांतून आली. खडकीला लष्कराची कार्यशाळा, देहूरोडला लष्कराचा डेपो. लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्यांना गॅरेजवाले ‘डिस्पोजल’ म्हणत, आणि डिस्पोजलची जीप घेऊन ती रस्त्यावर आणणं हा फिटरच्या कसोटीचा उद्योग होता.

मग कारखाने आले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना 1962 ची. साठच्या दशकाच्या सुरुवातीला बजाज ऑटो आकुर्डीत आली. 1964 मध्ये बजाज टेम्पोही आकुर्डीला आली. 1966 मध्ये टेल्कोनं पिंपरीत पाय रोवले आणि कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी मोटारी काढण्याआधी यंत्रं, साचे आणि शिकाऊ कामगार घडवण्यावर भर दिला. त्याच वर्षी पुण्यात वेताळ टेकडीच्या उतारावर एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था सुरू झाली आणि पाठोपाठ भोसरीत रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था, सीआयआरटी. गाडी बनवणारे आणि गाडी तपासणारे, दोघंही एका तासाच्या अंतरात. भारतात अशा जागा फार थोड्या आहेत.

पिंपरी गावातून पवना ओलांडली की काळेवाडी. पलीकडे रहाटणी, थेरगाव. शेतीची ही गावं कारखान्यांच्या पाळ्यांबरोबर वाढली. सातारा-सांगलीपासून मराठवाडा-विदर्भापर्यंतच्या जिल्ह्यांतून आलेली माणसं इथे खोल्या करून राहिली. कंपनीत टर्नर, फिटर, ग्राइंडर म्हणून राबणारा माणूस घरी आला तरी त्याचे हात तेच. काहींनी कंपनी सोडल्यावर, काहींनी संप-टाळेबंदीत नोकरी गेल्यावर, काहींनी निवृत्तीच्या पैशातून लेथ घेतला आणि जॉबवर्क सुरू केलं. काळेवाडी फाट्याकडे जाणाऱ्या आणि आतल्या रस्त्यांवरच्या गॅरेजांना त्यामुळे एक सोय मिळाली जी इतर शहरांत सहज मिळत नव्हती. बुश काढून हवं, ब्रॅकेट वेल्डिंग करून हवं, शाफ्टला नवी स्प्लाइन पाडून हवी, तर दुचाकीवर टाकून भोसरीपर्यंत जायचं आणि संध्याकाळी काम घेऊन यायचं. मोरवाडीच्या महापालिकेच्या आयटीआयमधून आणि कंपन्यांच्या शिकाऊ शाळांतून निघालेली मुलं हातात व्हर्नियर कॅलिपर घेऊनच गॅरेजात शिरली. मिस्त्रीचा अंदाज आणि कारखान्याचं मोजमाप यांची इथे गाठ पडली. या पट्ट्याची खरी श्रीमंती हीच, असं वाटतं.

जीपवर पहिला मोठा बदल झाला तो इंजिनाचा, आणि तो पैशामुळे झाला. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं आणि पेट्रोल पिणारी जीप पोसणं शेतकऱ्याला, ठेकेदाराला परवडेना. महिंद्रनं स्वतः इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर घराण्यातलं 2350 सीसीचं डिझेल इंजिन जीपमध्ये घातलं. 1979 मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी 4.90 या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि 1985 च्या सुमारास आलेल्या एमएम 540 मध्ये तेच इंजिन चार गिअरच्या बॉक्ससह दिलं. पण रस्त्यावर आधीपासून असलेल्या हजारो पेट्रोल जीपचं काय? त्यांना इंजिन मिळालं आकुर्डीचं. बजाज टेम्पोची मेटॅडोर महाराष्ट्राच्या गावोगावी पोचली होती. तिच्यात पुढे मर्सिडीजच्या ओएम 616 घराण्यातलं 2.4 लिटरचं डिझेल इंजिन येऊ लागलं. अपघातात मोडलेली किंवा गंजून गेलेली मेटॅडोर भंगारात आली की तिचं इंजिन उतरवायचं आणि जीपमध्ये, नाहीतर ॲम्बॅसडरमध्ये चढवायचं. ‘मेटॅडोर इंजिनची जीप’ हे वर्णन त्या काळी गाडीच्या व्यवहारात सर्रास चालत असे आणि त्यावरून किंमत ठरत असे.

इंजिन चढवणं दिसतं तितकं सोपं नाही. इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्यामध्ये बसणारी अडॅप्टर प्लेट लागते आणि तिचं केंद्र दोन्हीकडे अचूक जुळावं लागतं. केसभर फरक राहिला तर क्लच प्लेट आणि इनपुट शाफ्टचं बेअरिंग काही महिन्यांत जातं. डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनाहून जड, त्यामुळे पुढचे पाटे दबतात, माउंटिंग बदलावं लागतं. मूळ तीन गिअरचा टी-90 बॉक्स डिझेलच्या दणक्यापुढे कुरकुरतो. म्हणून मग चार गिअरचा, आणि पुढे महिंद्रच्याच आर्मडा-बोलेरोमधला प्यूजो वंशाचा पाच गिअरचा बीए-10 बॉक्स शोधला जाऊ लागला.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा एक्सलमधल्या क्राऊन-पिनियनचा. लष्करी विलीसचं गुणोत्तर 4.88 होतं, नागरी सीजे जीपचं 5.38. म्हणजे चाक एकदा फिरण्यासाठी प्रोपेलर शाफ्ट 5.38 वेळा फिरणार. नांगर ओढायला, चढ चढायला ते उत्तम. पण 6.00-16 मापाच्या टायरवर ही जीप ताशी 80 किलोमीटरनं चालवली तर वरच्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे 3,200 फेरे घेतं. 4.88 चं क्राऊन-पिनियन घातलं की तेच फेरे 2,900 वर येतात. गाडी शांत होते, डिझेल वाचतं आणि चालकाचा पाय आपोआप आणखी खाली जातो. ड्राइव्हट्रेनमधला प्रत्येक बदल वेगाला मोकळीक देणारा होता. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवताना जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. ती सगळी उष्णता होऊन उतरते त्या छोट्या ड्रमवर.

जुन्या जीपचे ब्रेक आपोआप घट्ट होत नाहीत. शू झिजले की ड्रम आणि लायनर यांच्यातली फट वाढते, आणि मग पेडल एकदा दाबलं तर तळाला जातं, दोन-तीनदा ‘पंप’ मारला तर धरतं. वरचे कॅम आणि खालचे अँकर पिन पान्यानं फिरवून ही फट हातानं कमी करावी लागते. ते काम दर काही आठवड्यांनी करायला हवं. करणारे थोडे. मागच्या चाकांची तर आणखीच अडचण. नागरी जीपच्या मागच्या एक्सलचं टोक निमुळतं असतं, त्यावर हब चावी आणि नटानं घट्ट बसलेला. ड्रम उघडायचा तर दणकट पुलर लावून हब उपटावा लागतो. पुलर नसलेल्या गॅरेजात मागचे ब्रेक वर्षानुवर्षं कुणी उघडूनच पाहत नसे. मग सगळा भार पुढच्या दोन चाकांवर.

ड्रमला चर पडले की तो लेथवर लावून कट मारायचा, ही रीत. पण प्रत्येक कटनंतर ड्रमचा व्यास वाढतो, भिंत पातळ होते आणि शूची गोलाई ड्रमच्या गोलाईशी जुळेनाशी होते. लायनर मधल्या पट्ट्यातच टेकतं, कडा मोकळ्या राहतात. वरवर चकचकीत दिसणारा ड्रम प्रत्यक्षात कमी धरतो. खंडाळ्याच्या जुन्या घाटातून वडापची भरलेली जीप उतरवताना ही सगळी उणीव एकदम समोर यायची. सतत दाबून तापलेल्या ड्रमवर लायनरची पकड सुटते, पेडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही. पावसाळ्यात याच्या उलट. ओढ्यातून, साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि बाहेर आल्यावर ब्रेक लागायला वेळ लागतो. जाणते चालक पाण्यातून बाहेर पडल्यावर डाव्या पायानं पेडल हलकं दाबून गाडी थोडी पुढे नेत, म्हणजे शू सुकतात. ही युक्ती पुस्तकात कमी आणि तोंडी जास्त चालत आली.

हँडब्रेकही वेगळाच. तो चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर काम करतो. मागचा क्रॉस जॉइंट तुटला किंवा हाफ शाफ्ट मोडला तर हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. पायाच्या ब्रेकची एक नळी फुटली तर चारही चाकं एकदम मोकळी, आणि वर हा हँडब्रेक. अशा गाडीला 62 अश्वशक्तीचं डिझेल इंजिन आणि पाचवा गिअर देऊन महामार्गावर सोडणं धोक्याचं होतं. तो धोका त्या काळी मालकांनी पत्करला, कारण बाजारात दुसरं काही मिळत नव्हतं.

मिळायला लागलं ते नव्वदच्या दशकानंतर, आणि गंमत अशी की त्याची वाट दुचाकीनं मोकळी केली. आकुर्डीच्या बजाजनं चेतक स्कूटरवर पैसा कमावला. तिला दोन्हीकडे ड्रम. 1999 मध्ये हीरो होंडाची सीबीझेड पुढच्या डिस्कसह आली. त्याच सुमारास बजाजचा चाकण प्रकल्प सुरू झाला आणि नोव्हेंबर 2001 मध्ये पल्सर बाजारात आली, पुढच्या चाकाला डिस्क घेऊन. 2007 च्या पल्सर 220 ला मागेही डिस्क होती, भारतीय मोटरसायकलवर ती पहिलीच. 2012 मध्ये चाकणहून केटीएमची 200 ड्यूक निघाली. तिचे ब्रेक होते बायब्रे, इटलीच्या ब्रेम्बो कंपनीचा धाकटा ब्रँड. कल्याणी समूहाची कल्याणी ब्रेक्स पुढे बॉशच्या छत्राखाली गेली आणि चाकणमध्ये एबीएसचं उत्पादन होऊ लागलं. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं.

याचा जीपशी संबंध काय? दुचाकीचा कॅलिपर जीपला लागत नाही. पण डिस्क, कॅलिपर, पॅड, ब्रेक ऑइलचे दर्जे, नळीचा दाब, या सगळ्याचं ज्ञान लाखो गाड्यांमधून पट्ट्यातल्या गॅरेजांत उतरलं. कॅलिपरचा पिस्टन अडकला तर तो कसा काढायचा, सील कसं बसवायचं, हवा कशी काढायची, हे काळेवाडीतल्या दुचाकी मेकॅनिकलाही येऊ लागलं. सुटे भाग बनवणारे लघुउद्योग डिस्क घासण्याच्या कामात तरबेज झाले. त्याच काळात चारचाकीतही बदल झाला. महिंद्रची बोलेरो 2000 मध्ये आली, पुढे डिस्क आणि पेडलवरचा पायाचा जोर वाढवणारा बूस्टर घेऊन. विलीसच्या चाकाचे पाच बोल्ट साडेपाच इंचाच्या वर्तुळावर होते, आणि बोलेरोच्या चाकाचेही पाच बोल्ट साडेपाच इंचाच्या वर्तुळावरच आहेत. साठ वर्षं बोल्टांचं माप बदललं नाही म्हणून बोलेरोची डिस्क जुन्या जीपच्या नशिबात आली.

आजच्या घडीला जाणकार गॅरेजात हे काम साधारण असं चालतं. पुढच्या चाकांना बोलेरोच्या भागांतून डिस्क आणि कॅलिपर बसवतात. एका खणाचा मास्टर सिलिंडर काढून दोन खणांचा, म्हणजे टँडम, लावतात. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वाहिन्या वेगळ्या करतात. मग बूस्टर. इथे डिझेल जीपची एक खास अडचण येते. बूस्टरला पोकळीची ओढ लागते. पेट्रोल इंजिनात ती मॅनिफोल्डमधून फुकट मिळते, डिझेल इंजिनात ती पुरेशी नसते. म्हणून मागे व्हॅक्यूम पंप जोडलेला अल्टरनेटर शोधावा लागतो आणि त्याला इंजिनाचं ऑइल पुरवणारी नळी द्यावी लागते. ही नळी विसरली की पंप काही दिवसांत जाम होतो.

चुका इथेच होतात आणि त्या जिवावर बेततात. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. ड्रमच्या परत ओढणाऱ्या स्प्रिंगांसाठी तो लागतो. तोच सिलिंडर डिस्कला जोडला तर पॅड डिस्कला घासत राहतात, चाक तापतं आणि अखेर ब्रेक ऑइल उकळतं. दुसरी चूक पुढच्या-मागच्या ताकदीच्या वाटणीची. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे येतो, मागची चाकं हलकी होतात. मागचा ब्रेक प्रमाणाबाहेर जोरदार असेल तर मागची चाकं आधी अडकतात आणि आखूड जीप ओल्या रस्त्यावर गरकन फिरते. तिसरी चूक म्हणजे पुढे डिस्क आली म्हणून मागच्या ड्रमकडे दुर्लक्ष करणं. डिस्क बसवून देणारे पुष्कळ आहेत. रिकाम्या रस्त्यावर नेऊन, वेग थोडा थोडा वाढवत, चारही चाकांची धरण्याची वेळ तपासणारे कमी. गाडी ज्याच्या हातात द्यायची तो हे तपासतो का, एवढंच मालकानं पाहावं. किमतीची घासाघीस नंतर.

कायद्याची बाजू यात उशिरा आली, पण आली ती भक्कमपणे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 वर सर्वोच्च न्यायालयानं 9 जानेवारी 2019 रोजी निकाल दिला. उत्पादकानं मूळ ठरवलेल्या तपशिलापासून नोंदणीपुस्तकातला तपशील वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येणार नाही, असा त्याचा आशय. मेटॅडोर इंजिनच्या जीपवाल्यांना त्याचा अर्थ लगेच कळला. पाठोपाठ जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. 50 वर्षांहून जुनी गाडी, 20,000 रुपये नोंदणी शुल्क, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नोंदणी 10 वर्षांसाठी. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. ब्रेकचा उल्लेख त्या व्याख्येत नाही.

हा तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. इंजिन हा गाडीचा चेहरामोहरा, ते बदललं की गाडीची ओळख बदलते, हे मान्य. ब्रेक मात्र रस्त्यावरच्या इतर माणसांच्या सुरक्षिततेचा भाग आहे. 1953 च्या जीपला टँडम मास्टर सिलिंडर लावला तर इतिहासाचं काही बिघडत नाही, समोरून येणाऱ्या पादचाऱ्याचं मात्र भलं होतं. एआरएआय आणि सीआयआरटी या दोन्ही संस्था याच पट्ट्याच्या अंगाखांद्यावर आहेत. जुन्या गाड्यांच्या ब्रेक सुधारणेसाठी त्यांनी एक ठरावीक तपासणी आखली, ती उतरलेल्या गाडीला आरटीओनं नोंद करून दिली, तर गॅरेजांतलं चोरटं काम उजेडात येईल आणि चांगला कारागीर ओळखला जाईल.

दरम्यान या कामाचा कच्चा माल आटत चालला आहे. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांपुढच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊ लागली आणि त्या भंगार केंद्रांकडे जाऊ लागल्या. तहसील कचेरीच्या आवारातून लिलावात जीप घेण्याची जुनी वाट बंद झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं कुदळवाडी-चिखलीतली भंगाराची गोदामं आणि पत्र्याच्या शेड मोठ्या प्रमाणावर पाडल्या. ती जागा आगी आणि धुरानं त्रासलेली होती हे खरं, पण जुन्या गाड्यांचे हौसिंग, शाफ्ट, गिअर मिळण्याचं ठिकाणही अशाच वस्त्यांमध्ये असतं. आता जुना भाग हवा तर दूरच्या शहरांत विचारावं लागतं किंवा नवीन घडवून घ्यावा लागतो.

अमेरिकी गाड्यांचं या जिल्ह्याशी नातं मात्र तुटलेलं नाही. जनरल मोटर्सनं तळेगावात 2008 मध्ये शेव्हरोलेचा कारखाना सुरू केला आणि 2020 च्या अखेरीला तिथलं उत्पादन थांबवलं. ती जागा पुढे ह्युंदाईनं घेतली. कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथची जोडणी करणाऱ्या प्रीमियरचा शेवटचा काळ चिंचवड आणि चाकणमध्ये गेला. आणि 2017 मध्ये रांजणगावच्या फियाट कारखान्यातून जीप कंपास बाहेर पडू लागली. 2021 पासून तिथे जीप रँग्लरचीही जोडणी होते. विलीसच्या वंशातली गाडी पुन्हा महाराष्ट्रात जोडली जाते आहे, चारही चाकांना डिस्क, एबीएस आणि दोन वाहिन्या घेऊन.

काळेवाडी-रहाटणीत ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात जीपमध्ये मेटॅडोरची इंजिनं चढवली ते मिस्त्री आता थकले आहेत. अडॅप्टर प्लेटची मापं, कोणत्या एक्सलला कोणता शाफ्ट बसतो, कोणता ड्रम किती कटपर्यंत चालतो, हे त्यांच्या डोक्यात आहे आणि फार थोड्यांनी ते वहीत उतरवलं आहे. ज्यांच्याकडे जुनी जीप आहे त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. ब्रेक आधी सुधारावेत, रंग आणि टायर नंतर. आणि काढलेले मूळ ड्रम, शू, मास्टर सिलिंडर भंगारात न देता ग्रीस लावून, गाडीचा नंबर लिहून, जपून ठेवावेत. मिस्त्रीनं कोणता भाग कुठून घेतला, कोणतं माप बदललं, हेही त्याच्यासमोर बसून त्याच दिवशी लिहून घ्यावं.